छोटी सही

केसरीनाथ शेठच्या सायझिंगमधून आजवर कुणीही धड नोटीस देऊन गेलेलं नव्हतं. भांडून गेलेले होते. गावाला जाऊन येतो म्हणून गेलेले आणि तिकडेच राहिलेले तर चिक्कार होते. पण हातात कागद घेऊन, "शेठ, आजपासून महिन्यानं मी काम सोडणार," असं तोंडावर सांगून गेलेला एकही माणूस त्या कारखान्यानं पाहिला नव्हता. आणि त्याला कारण होता चहा.

सायझिंगचा धंदा तसा सरळ. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढण्याआधी सुताला खळ लावायची, वाळवायचं, बीमच्या मोठ्या रुळावर गुंडाळायचं आणि लूमवाल्यांकडे धाडायचं. शेठही तसे सरळच होते. पण कुणी काम सोडायचा चेहरा करून केबिनच्या दारात उभा राहिला, की त्यांना बरोबर वास यायचा. "बस. चहा पी," म्हणायचे. समोरच्या हॉटेलातून चहा येईपर्यंत ते त्याच्या म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, चहा पिताना पोरांच्या शाळेची, आणि कप खाली ठेवेपर्यंत त्या माणसाला आपण कशासाठी आलो होतो हे सांगायची लाज वाटू लागायची. बॉयलरवाला असाच दोनदा परतला. मशीनवरचा एक जुना कारागीर तर राजीनामा द्यायला म्हणून आत गेला आणि शेठना मुलीच्या हळदीचं आमंत्रण देऊन बाहेर आला.

या सगळ्या चहांची साक्षीदार म्हणजे बकुळा. केबिनच्या दाराबाहेर तिचं टेबल होतं आणि त्या टेबलामागे ती चोवीस वर्षं बसली होती. दिघाशीला लग्न होऊन आली, टायपिंगची परीक्षा पास होती, आणि दुसऱ्याच महिन्यात इथे लागली. तिनं स्वतःही दोनदा तो चहा प्यायला होता. एकदा मुलगी लहान होती तेव्हा आणि एकदा ती दहावीला होती तेव्हा. दोन्ही वेळा पर्समध्ये राजीनामा घेऊन ती आत गेली आणि राजीनाम्यासकट बाहेर आली. दुसऱ्या वेळी तर वर शेठच्या बायकोसाठी, पुतळाबाईंसाठी, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायचं काम घेऊन आली.

आता तिसरी खेप होती आणि बकुळा सेहेचाळीस वर्षांची झाली होती. पूर्णा गावात रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी गोदामं उभी राहिली आहेत, त्यांतल्या एका मोठ्या कंपनीनं तिला कागदपत्रांच्या खात्यात घेतलं होतं. पी. एफ., विमा, शनिवारची अर्धी सुट्टी आणि पुढेमागे बढती. सायझिंगमध्ये बढती कुठून होणार? ऑफिसात माणूस एकच, आणि तो माणूस तीच. या वयात असं पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिथल्या करिष्मा नावाच्या मुलीनं फोनवर सांगितलं, "मॅडम, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला जॉइनिंग. पण राजीनामा मंजूर झाल्याची कॉपी दोन दिवसांत पाठवा. सही-शिक्का पाहिजे. मराठीत असली तरी चालेल."

"दोन दिवसांत?" बकुळाचा नवरा वाल्मीक रात्री जेवताना हसत सुटला. तो वायरिंगची कामं करायचा आणि बायकोच्या चहांचा हिशेब त्याला तोंडपाठ होता. "तुझा तर दोन घोटांत निकाल लागतो."

बकुळाला हसू आलं नाही. या वेळी केबिनमध्ये जाऊन बसायचंच नाही, असं तिनं ताट धुता धुता ठरवलं. आता यापुढचं कळायला शेठच्या सह्यांबद्दल सांगायला हवं.

शेठ कागद वाचत नसत. वाचता येत नव्हतं असं नाही, जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले होते. पण बकुळा नवीन असताना एकदा असं झालं, की त्यांच्या पूर्णेच्या जमिनीवर गोदाम बांधायला एक पार्टी करारनामा घेऊन आली. बोलणं झालं होतं भाड्याचं. शेठनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा होतं. तेवढ्यात बकुळा म्हणाली, "शेठ, थांबा. मी अजून वाचलं न्हाय." पार्टीवाले तिच्याकडे असे बघायला लागले, की जणू टेबलच बोललं. तिनं शांतपणे तेरा पानं वाचली आणि सातव्या पानावर बोट ठेवलं. तिथे जमीन कायमची देत असल्याचं लिहिलेलं होतं. पार्टीनं 'टायपिंगची चूक' म्हणून दात काढले आणि काढता पाय घेतला. ती जमीन आजही शेठच्या नावावर आहे.

त्या दिवसापासून शेठनी वाचणं सोडलं. रोज चारच्या सुमाराला बकुळा लाल फाईल घेऊन आत जायची, एकेक पान उलटायची आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवायची. शेठ फोनवर बोलत असायचे, नाहीतर खिडकीतून ट्रकवाल्याला हाका मारत असायचे. मधेच विचारायचे, "वाचलंस ना?" बकुळा म्हणायची, "वाचलं." की झाली सही. गेली बावीस-तेवीस वर्षं हा एवढाच संवाद.

एका बाबतीत मात्र बकुळा त्यांना सोडायची नाही. कागदावर कुठे खाडाखोड झाली, वरून एखादा शब्द घातला, की त्याच्या बाजूला छोटी सही करून घ्यायची. "नायतर तो शब्द तुमचा हाय हे कोण मानेल?" असं तिचं म्हणणं. शेठ कुरकुरायचे, "एका कागदाला किती वेळा हात लावायचा गो?" पण करायचे.

तर, सोमवारी दुपारी बकुळानं राजीनामा टाईप केला. चार ओळी. खाली तिनंच टाईप केलं, 'राजीनामा मंजूर. एक महिन्याच्या नोटिशीनंतर दि. ३१ रोजी कार्यमुक्त करण्यात येईल.' आवक रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं नोंद केली, क्रमांक घातला, आणि कागद लाल फाईलमध्ये बॉयलरच्या तपासणीचा अर्ज आणि वीज कंपनीचं पत्र यांच्या मधोमध ठेवला. चारला आत गेली. शेठ पुतण्याच्या हळदीबद्दल फोनवर बोलत होते. मंडप किती फुटांचा, बँड कुठला, खारबावच्या पाहुण्यांना आणायला गाडी कोण पाठवणार, असं सगळं जोरात चाललं होतं. बॉयलरच्या अर्जावर सही झाली. बकुळानं पान उलटलं आणि बोट ठेवलं.

शेठनी फोनवर हात धरला. "वाचलंस ना?"

"वाचलं," बकुळा म्हणाली. ते खरंच होतं, अकरा वेळा वाचलं होतं.

सही झाली. बाहेर येऊन तिनं शिक्का मारला, मोबाईलवर फोटो काढला आणि करिष्माला पाठवला. पहिला फोटो हलला, दुसरा नीट आला.

आता तुम्ही म्हणाल, बाईनं चक्क फसवलं. बकुळाही स्वतःला तेच म्हणत होती, आणि सारखी म्हणत होती. संध्याकाळी सांगून टाकू, असं तिच्या मनात होतं. संध्याकाळी शेठ हळदीच्या खरेदीला निघून गेले. मंगळवारी बॉयलर बंद पडला. बुधवारी पुतळाबाईंची तब्येत. असं करत करत दुसरा आठवडा लागला आणि सांगायचं ते तसंच राहिलं. मग ती दुसरीच कामं काढत बसली. सगळ्या फायलींवर ठळक अक्षरांत नावं लिहिली. कुठल्या कामाला कुणाला फोन करायचा त्याची वही केली. कपाटं पुसून काढली. शेठ येता-जाता बघायचे. एकदा म्हणाले, "काय गो, दिवाळीला येळ हाय अजून."

घरी वाल्मीक रोज विचारायचा, "आज तरी?" शेवटी वैतागून म्हणाला, "सही झाली, शिक्का झाला, कंपनीला कॉपी गेली. आता राहिलंय काय?"

"सांगायचं राहिलंय."

"मग सांग की. चोवीस वर्षं राबलीस, काय उपकार घेतलेस काय त्यांचे?"

"अरे, सोडून जातेय हे मी कसंही सांगेन," बकुळा म्हणाली. "पण ज्या माणसानं मी वाचलं म्हटलं की डोळे मिटून सही केली, त्याची सही मी तशीच काढून घेतली, हे कसं सांगू? नोकरी सोडताना हेच मागं ठेवून जाऊ का?"

 वाल्मीकनं आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवली.

बावीस तारखेला सकाळी ऑफिसचा फोन वाजला. करिष्मा होती. "मॅडम, तुम्हीच का? व्हेरिफिकेशन आहे, मालकांशी बोलायचंय. एक मिनिटाचं काम. रूल आहे ना, त्यांच्याच तोंडून ऐकावं लागतं."

'शेठ बाहेर गेलेत.' हे वाक्य बकुळाच्या जिभेवर तयारच होतं. नको असलेल्या माणसांना ती ते चोवीस वर्षं ऐकवत आली होती, तेही शेठ आत वडापाव खात असताना. आणखी एकदा म्हटलं असतं तर बिघडत काही नव्हतं. नऊ दिवस ढकलले की सुटली असती. पण तिला स्वतःचाच कंटाळा आला होता. ती उठली, फोन घेऊन केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "शेठ, पूर्णेच्या कंपनीचा फोन हाय. माझ्याबद्दल विचारतायत."

शेठनी फोन कानाला लावला. "हां, मीच बोलतोय... कोण, बकुळा?" त्यांची नजर तिच्यावर आली आणि तिथेच थांबली. बकुळा टेबलाची कड धरून उभी होती. पलीकडून करिष्मा बरंच काही बोलत होती. शेठ ऐकत राहिले. मग म्हणाले, "हो. सही माझीच. मंजूर केलाय मी... काम? चोवीस वर्षं हाय माझ्याकडं, आजून काय सांगू? एकतीस तारखेला सुटंल. बरं बरं." त्यांनी फोन खाली ठेवला.

"कागद आण."

तिनं आणला. शेठनी खण उघडला, बऱ्याच खालून चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या आणि वाचायला घेतलं. चार ओळी वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"मी इचारलं व्हतं ना, वाचलंस का म्हणून?"

"विचारलं होतं."

"तू काय म्हनलीस?"

"वाचलं म्हटलं." बकुळा म्हणाली. "शेठ, चुकलं माझं. तुमच्यासमोर बसले असते तर पुन्हा तशीच परत गेले असते. म्हणून असं केलं. पण असं करायला नको होतं. तुम्ही म्हणाल तर हा कागद आत्ता फाडते. त्यांना कळवते, जमत न्हाय म्हणून."

"फाडतेस कशाला? मंजूर केलाय ना मी? त्या पोरीला आत्ताच सांगितलं. आता काय दोन तोंडांनी बोलू?" शेठनी कागद तिच्याकडे सरकवला. "जा. काम कर."

ते 'बस' म्हणाले नाहीत. हॉटेलकडे हाक गेली नाही. ज्या चहाला बकुळा इतकी वर्षं घाबरली, तो त्या दिवशी कुणी पुढे केला असता तर तिनं दहा कप प्यायले असते. ती टेबलावर येऊन बसली आणि उगाचच रजिस्टर चाळत राहिली.

चष्मा मात्र परत खणात गेला नाही. चारला ती लाल फाईल घेऊन आत गेली, तेव्हा शेठ तो लावून बसलेलेच होते. त्यांनी फाईल स्वतःकडे ओढली आणि पहिला कागद पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. ओळीखाली बोट, ओठांची हालचाल. ट्रकच्या मालाचं चलन वाचलं, वीज कंपनीचं पत्र वाचलं, हॉटेलवाल्याचं बिलसुद्धा वाचलं. पाच मिनिटांचं काम दीड तास चाललं. बाहेर ट्रकवाले चलनासाठी बोंबलायला लागले. फोन आला तर शेठ म्हणायचे, "मागनं कर, सह्या चालल्यात." बकुळा बाजूला उभी होती. रोज तिचं बोट जिथे असायचं तिथे आता त्यांचं बोट होतं, आणि आपला हात कुठे ठेवावा हे तिला समजेना.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेठ रागावले नाहीत, टाकून बोलले नाहीत, "आज कोन येनार हाय?" वगैरे नेहमीसारखं विचारायचे. पण "वाचलंस ना?" हे काही त्यांच्या तोंडून आलं नाही. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बकुळाला बरं वाटलं असतं. शिव्या ऐकून माणूस मोकळा होतो. इथे रोज दीड तास उभं राहून स्वतःची करणी बघायची होती.

शेठचा मुलगा देवेश काम समजून घ्यायला दोन दिवस येऊन गेला. तिच्या ठळक अक्षरांतल्या फायली बघून खूश झाला. जाताना म्हणाला, "बाबा आता सगळं वाचून सही करतात. एक बरं झालं, नाय का ताई?"

"हो, बरं झालं," बकुळा म्हणाली, आणि त्यानं पाठ फिरवल्यावर तिला रडू आलं.

एकतीस तारीख उजाडली. नव्या कंपनीला अनुभवाचा दाखला हवा होता, आणि या ऑफिसात दाखला टाईप करणारी तीच. असे दाखले तिनं शेकड्यांनी केले होते. कारखान्यातल्या माणसांना भाड्यानं खोली घ्यायला, बँकेत खातं काढायला ते लागायचे. मजकूर शेठनी फार पूर्वी एकदा सांगितला होता आणि तोच सगळ्यांना चालायचा. अमुकतमुक आमच्याकडे इतकी वर्षे कामास असून 'कष्टाळू, वक्तशीर व विश्वासू' आहेत. ती वरचं नाव तेवढं बदलायची. आज तिथे स्वतःचं नाव घातलं, वर्षं घातली, आणि शेवटच्या ओळीपाशी तिचा हात थांबला.  मग शेवटची ओळ बदलली आणि कागद छापला.

चारला ती आत गेली. फाईलमध्ये त्या दिवशी सहा कागद होते आणि दाखला सर्वांत खाली होता. शेठनी पाच कागद वाचून सह्या केल्या. सहावा घेतला. वाचून झाला तरी बोट शेवटच्या ओळीखालीच होतं. गेल्या नऊ दिवसांत असे दोन दाखले त्यांच्या नजरेखालून गेले होते.

"एक शब्द ऱ्हायला."

"राहिला न्हाय, शेठ. मी घातला न्हाय."

"का?"

"मला घालवेना," बकुळा म्हणाली. "बाकीच्यांना डोळे झाकून घातला. स्वतःच्या नावापुढं टाईप करायला गेले आणि हात पुढं जाईना. कष्टाळू हाय मी. वेळेवर पण आले रोज. तेवढं खरं हाय, म्हणून तेवढंच लिहिलं."

शेठनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. 

"दाखला कोन देतंय?" त्यांनी विचारलं. "तू का मी?"

"तुम्ही."

"मग?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. 'वक्तशीर' नंतर खूण केली, आणि वरच्या मोकळ्या जागेत एकेक अक्षर सावकाश काढत लिहिलं, 'व विश्वासू'. लिहायची सवय नव्हती, ओळ जरा वर चढली. खालची मोठी सही करायला पेन निघालं आणि मधेच थांबलं. शेठनी पेन पुन्हा वर नेलं आणि त्या शब्दाच्या बाजूला छोटी सही केली. बकुळानं सांगितलं नव्हतं. मग खाली मोठी सही केली, शिक्का स्वतः मारला आणि कागद तिच्यापुढे धरला.

"घे. आधी वाच."

"वाचलंय शेठ, मीच तर..."

"मगाशी तुजा व्हता. आता माजा कागद हाय. वाच."

मग खिडकीकडे तोंड करून त्यांनी समोरच्या हॉटेलला दोन चहा सांगितले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "बस. चहा पी. घाबरू नको, आज नुस्ता चहाच हाय."

बकुळा बसली आणि वाचायला लागली. शेवटच्या ओळीतल्या त्या वर चढलेल्या शब्दापाशी आलं की तिचे डोळे भरून यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. चहा आला, कपात त्याच्यावर साय धरली, तरी चार ओळींचा तो दाखला तिचा वाचून झाला नव्हता.